लष्कराच्या ताब्यात देऊन टाका म्हणे!

"हे सगळं एकदा लष्कराच्या ताब्यात देऊन टाकलं पाहिजे."

हे वाक्य मी वर्षातून किमान वीस वेळा ऐकतो. लग्नात, बारशात, रेल्वेत समोरच्या बर्थवरून, सोसायटीच्या लिफ्टमध्ये. म्हणणारा माणूस चांगला असतो, मनापासून बोलत असतो. वाक्य संपलं की तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जणू मी आता छाती पुढे काढून 'आदेश द्या' म्हणणार आहे. इतकी वर्षं मी हसून विषय बदलत आलो. पण सध्या पोस्टिंग बेंगळुरूला आहे, आणि इथे एका तळ्याच्या बाबतीत ही इच्छा काही तासांपुरती का होईना पूर्ण झाली होती. तेव्हा आज उत्तर देतो. नेहमीप्रमाणे, मतं माझी एकट्याची.

या वेळचं निमित्त नैनिताल. मे महिन्यात मावसभाऊ, वहिनी, मुलं आणि वहिनीचे आईवडील निघाले होते. मला कुमाऊँ माहीत आहे म्हणून मीही चार दिवसांची रजा टाकून त्यांना काठगोदामला गाठलं. तिथून नैनिताल जेमतेम पस्तीस किलोमीटर. आम्हाला पोचायला साडेतीन तास लागले, त्यातला निम्मा वेळ गाडीचं इंजिन बंद करून.

नैनिताल सुंदर आहे, हे आधी मान्य करतो. साडेसहा हजार फुटांवर, चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये आंब्याच्या कोयीसारखं तळं. सकाळी सहा वाजता, होड्या काठाला बांधलेल्या असतात तेव्हा, पाण्यात अख्खा डोंगर उलटा दिसतो. वहिनीचे वडील त्या वेळी अर्धा तास काही न बोलता बाकावर बसले होते. ते एरवी अर्धा मिनिटही गप्प बसत नाहीत. पण नऊ वाजल्यानंतर तिथे हॉर्न, मक्याची कणसं, पार्किंगसाठी भांडणं आणि प्लास्टिकच्या बाटल्या यांचं राज्य असतं. आणि होडीतून जाताना पाण्यात एका ठिकाणी बुडबुडे येताना दिसतात. मुलांना वाटलं मासे. ते मासे नव्हेत. २००७ पासून या तळ्याच्या तळाशी नळ्यांनी हवा सोडतात, कारण तळाच्या पाण्यात प्राणवायू उरला नव्हता आणि मासे मरत होते. ज्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणून फोटो काढतो, त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली आहे.

दुसऱ्या दिवशी राणीखेतला गेलो. कुमाऊँ रेजिमेंटल सेंटर तिथे आहे. झाडलेले रस्ते, चुना मारलेले दगड, देवदारांची रांग, शांतता. भाऊ गाडीतून उतरला, कंबर सरळ केली, एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि म्हणाला, "बघ. हेच नैनिताल तुमच्या ताब्यात दिलं असतं ना..."

मी त्याला विचारलं, दिलं असतं तर तू कुठे उतरला असतास?

राणीखेत स्वच्छ आहे याचं कारण आमच्या रक्तात काही वेगळी शिस्त आहे असं नाही. छावणीत किती माणसं राहणार हे ठरलेलं असतं. कोण राहणार हेही ठरलेलं असतं. घर कोणाचं स्वतःचं नसतं, त्यामुळे वरचा मजला चढवायचा प्रश्न येत नाही. पाणी, गटार, वीज हे सगळं एमईएस बघते आणि तक्रार केली की नाव असलेल्या माणसाकडे जाते. कचरा उचलणारा कंत्राटी कामगार असतो, ज्याचा उल्लेख कोणीच करत नाही. आणि एवढं करूनही कुठे घाण दिसली, तर स्टेशन कमांडरच्या राउंडच्या आदल्या दिवशी जवानांचं 'फटिग' लागतं. शंभर माणसं, शंभर झाडू, एक तास. सिव्हिलमध्ये तुम्ही असं कोणाला लावणार? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, छावणी मत देऊन चालवली जात नाही. तिथे आदेश चालतो. मला तो आदेश मान्य आहे, कारण मी सही करून आलोय. माझ्या मावसभावाने सही केलेली नाही. नैनितालच्या होडीवाल्यानेही नाही.

तर छावणी म्हणजे स्वच्छतेचा नमुना वगैरे म्हणू नका. ती माणसं बाहेर ठेवून राखलेली जागा आहे. आमच्या खडकवासल्याचंच बघा. एनडीएत तीन वर्षं काढलेल्या प्रत्येकाला पीकॉक बे आठवत असेल. त्याच जलाशयाच्या एका बाजूला अकादमीची हद्द, तिथे काठावर कागदाचा कपटा दिसत नाही. दुसऱ्या बाजूला पानशेत रस्त्याची चौपाटी, भजी, कणसं आणि रविवारची तुफान गर्दी. काठ दोन, पाणी एकच. धरणाच्या वरच्या अंगाला जे सोडलं जातं ते कुंपण बघून थांबत नाही, आणि पुण्याच्या नळाला तेच पाणी येतं. आम्ही आमचा काठ झाडला म्हणून पुणेकरांचं पाणी स्वच्छ झालं नाही.

नैनितालच्या बाबतीत तर हा प्रयोग जुनाच आहे. १८८० च्या सप्टेंबरात तिथे दोन दिवस पाऊस कोसळत होता. १८ तारखेला, शनिवारी सकाळी, शेर का डांडा डोंगराचा एक भाग व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागे खाली आला आणि काही माणसं गाडली गेली. लगेच सैनिक आणि अधिकारी बोलावले गेले. ते खणत असतानाच दुपारी डोंगराचा मोठा भाग सुटला. त्या दिवशी एकशे एक्कावन्न माणसं मेली, त्यात दुसऱ्याला वाचवायला गेलेले सैनिक होते. डोंगराची ती बाजू कच्ची आहे हे तोवर गुपित नव्हतं, १८६० च्या दशकातही तिथे दरड कोसळली होती. तरीही वर घरं बांधली जात होती आणि पावसाच्या पाण्याला नीट वाट नव्हती.

यानंतर नैनिताल वाचलं ते कशाने? उतारांवर नाल्यांचं जाळं बांधलं गेलं. डोंगरात पाणी मुरून तो सुटू नये म्हणून ते उचलून तळ्यात आणायचं, अशी ती रचना. ती बांधून भागत नाही, ती दर वर्षी उपसावी लागते. कंटाळवाणं काम. त्याला बँड वाजत नाही, पदक मिळत नाही. आज त्याच नाल्यांच्या काठाला घरं चिकटली आहेत आणि नाल्यांतून काय काय वाहत येतं ते तल्लीतालच्या टोकाला उभं राहून नाकानेच कळतं. तळ्याच्या वरच्या बाजूला सूखाताल आहे. पावसात भरणारं, एरवी कोरडं. तिथे मुरलेलं पाणी जमिनीखालून नैनी तळ्याला मिळतं. तिथे बांधकामं आणि गाड्या आल्या, शेवटी उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. नैनी तळ्याला हिमनदी नाही, ते पावसावर आणि झऱ्यांवर जगतं, आणि गावाचं पिण्याचं पाणीही तेच आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात ते इतकं खाली गेलं होतं की काठाचा गाळ उघडा पडला होता. यात पलटणीने नेमकं काय करायचं? तळ्यावर पहारा द्यायचा?

आता बेंगळुरूकडे येतो, कारण इथे माझं म्हणणं रोज डोळ्यांसमोर असतं.

या शहराला नदी नाही. तीन हजार फुटांच्या पठारावर बसलेलं गाव, पाणी चारी बाजूंना उतरतं. म्हणून १५३७ मध्ये केंपेगौडाने गाव वसवलं तेव्हापासून, आणि त्याच्याही आधीपासून, लोकांनी इथे उतारावर बांध घालून तळी केली. कन्नडमध्ये 'केरे'. एक भरलं की त्याचं पाणी खालच्यात, ते भरलं की त्याच्या खालच्यात. पाणी सोडायला गावाने नेमलेला 'नीरगंटी' असे, आणि उन्हाळ्यात उपसलेला गाळ शेतात जाई. शहाजीराजांना १६३८ नंतर जहागीर मिळाली ती या तळ्यांच्या गावाची. बेंगळुरूत आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला शहाजीराजांचं इथलं वास्तव्य सांगायला आवडतं, मलाही आवडतं. पण धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्टँड आहे आणि संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम, हे फार थोड्यांना माहीत असतं. संपंगीचा एक लहानसा तुकडा करगा उत्सवाच्या पूजेपुरता राखलाय. पुणेकरांनी फार हसू नये. सारसबागेतल्या गणपतीला आपण अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतो.

तळी बुजली तरी उतार राहिला. त्या उतारावरून आता पावसाच्या पाण्याऐवजी सांडपाणी येतं. शहराच्या मोठ्या भागाचं सांडपाणी कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातून बेल्लंदूरच्या तळ्यात उतरतं, तिथून वर्तूरला, तिथून दक्षिण पिनाकिनी नदीत आणि पुढे तमिळनाडूत. माझ्या रोजच्या रस्त्यावरचं हलसूर तळं, जे एमईजीच्या अंगणात असल्यासारखं दिसतं, तेही याच साखळीतलं. २०१६ च्या मार्चमध्ये तिथे हजारो मासे मरून वर आले होते. बेल्लंदूरवर साबणाचा फेस तर वाऱ्याने उडून रस्त्यावर यायचा, दुचाकीवाले त्यातून हेल्मेटची काच पुसत जायचे.

आणि १९ जानेवारी २०१८ ला हे तळं पेटलं. पहिल्यांदा नव्हे. सांडपाण्यावर पोसलेलं गवत आणि जलपर्णी तळ्यावर जाड गादीसारखी पसरलेली होती, ती उन्हाने वाळली होती. अग्निशमन दलाचे बंब काठापर्यंतच जाऊ शकत होते, पुढे पाय ठेवला तर गाळ. तळ्याला लागून लष्कराची हद्द आहे, तिथून जवान उतरले. त्या वेळच्या बातम्यांत आकडा आला तो सुमारे पाच हजार जवानांचा. तासन्तास पंप, बादल्या, फांद्या जे मिळेल ते घेऊन. मी तेव्हा दुसरीकडे होतो. तिथे असलेल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांकडून नंतर ऐकलं ते एवढंच, की धुरापेक्षा वास वाईट होता आणि बूट पुन्हा वापरण्यासारखे राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे सलाम. 'रिअल हिरोज.' तिरंग्याच्या इमोजी. माझ्या शाळेच्या ग्रुपवर, बॅचच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर. त्याच संध्याकाळी त्याच सोसायट्यांच्या पाइपांतून तेच पाणी त्याच तळ्यात जात होतं.

याला मी ताबा म्हणतो. तुम्हाला हवा होता तो हाच. लष्कराने आग ताब्यात घेतली. सांडपाणी कोण घेणार होतं? ते काम शेवटी कोर्टकचेरीने हललं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१८ च्या डिसेंबरात राज्य सरकारला ५० कोटींचा दंड केला आणि तळ्यांच्या कामासाठी ५०० कोटी वेगळे ठेवायला सांगितले. त्यानंतर गाळ काढणं, सांडपाणी वळवणं, शुद्धीकरण केंद्रं अशी कामं सुरू झाली. अडखळत झाली, पण दिशा ती होती. त्यात कुठेही हिरवी वर्दी दिसत नाही, आणि दिसू नये.

योगायोग बघा. ज्या हिवाळ्यात इथे जवान तळं विझवत होते, त्याच हिवाळ्यात मुंबईत लष्कराचे इंजिनिअर एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवलीला पादचारी पूल उभारत होते. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली होती. फेब्रुवारीत पुलांचं उद्घाटन झालं, टाळ्या वाजल्या. पूल उत्तम झाले, आमचे सॅपर उत्तमच बांधतात. पण नदीवर शत्रूच्या माऱ्यात पूल टाकण्यासाठी तयार केलेला माणूस लोकलच्या स्टेशनात लागतो, याची लाज कोणालाच वाटली नाही. उलट सगळे खूश. रेल्वेकडे इंजिनिअर नव्हते का? होते, पैसेही होते. नव्हती ती फक्त कोणीतरी विचारेल ही भीती. ती भीती आम्ही बोलावले गेलो की आणखी कमी होते. प्रत्येक वेळी लष्कर येऊन निस्तरतं तेव्हा ज्याने निस्तरायला हवं होतं त्याची सुटका होते. तुमची 'ताब्यात द्या' ही मागणी भ्रष्ट अधिकाऱ्याला झोंबत नाही हो, त्याला ती आवडते.

माझे काही निवृत्त मित्र इथे माझ्याशी भांडतील. सर, पूर येतो तेव्हा आपण जातोच ना? जातो, आणि जायलाच हवं. २०१४ मध्ये श्रीनगर बुडालं, बदामी बागेत आमच्याच घरांत पाणी होतं, आमचीच कुटुंबं अडकली होती, तरी नावा बाहेर गेल्या आणि दोन लाखांहून जास्त माणसं काढली गेली. त्याबद्दल मला एका शब्दाचीही तक्रार नाही. पण पूर आणि गटार यांत फरक आहे. पूर ओसरतो आणि आम्ही बॅरकमध्ये परततो. गटार रोज वाहतं. रोजच्या कामाला सैन्य जुंपलं की त्याचं सैन्यपण झिजतं. ज्या दिवशी पलटण तळ्यावर असते त्या दिवशी ती फायरिंग रेंजवर नसते, हा साधा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. तळं वाचवायचं तर कोणाचं तरी अतिक्रमण काढावं लागतं. कोणाचं तरी नळजोड तोडावं लागतं, कोणाच्या तरी हॉटेलला टाळं. ते काम तुम्ही बंदुकीवाल्याला सांगताय. आज ती झोपडी दुसऱ्याची आहे म्हणून तुम्हाला ते चित्र आवडतं. उद्या तुमच्या बाल्कनीचं जादा बांधकाम पाडायला माझे जवान आले, तर तुम्ही कोणाकडे दाद मागणार? महापालिकेच्या माणसाशी तुम्ही हुज्जत घालू शकता, नगरसेवकाला पुढच्या वेळी पाडू शकता. मला पाडू शकत नाही. म्हणूनच मला तिथे आणू नका. आपल्या शेजारच्या देशात सैन्याला सगळं सांभाळायला दिलं होतं, तिथली तळी काही फार निर्मळ झाल्याचं ऐकिवात नाही.

मग तुम्ही म्हणाल, करायचं काय? याच शहरात जक्कूरच्या तळ्यावर जाऊन या. वरच्या बाजूला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, मग पाणथळ जागेतल्या वनस्पतींमधून गाळून येणारं पाणी, मग तळं आणि त्यात पाणकावळे. कैकोंद्रहळ्ळीचं तळं आसपासच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं पालिकेच्या मागे लागून परत मिळवलं. त्यांनी कोणाला सॅल्यूट ठोकला नाही, अर्ज केले. याच बेल्लंदूरच्या खोऱ्यातलं प्रक्रिया केलेलं पाणी २०१८ पासून कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडलं जातंय. म्हणजे जमतं. पण ते सगळं मीटर, मोटार, वीजबिल आणि मीटिंगची टिपणं यांतून जमतं.

आणि त्या टिपणांत आपली मराठी मंडळी कुठे आहेत ते सांगतो. बेंगळुरूत मोठ्या सोसायट्यांना स्वतःचं शुद्धीकरण केंद्र असावं लागतं. मला माहीत असलेल्या एका सोसायटीत, भरपूर पगारवाले, सुशिक्षित, दर वर्षी हिमालयात जाणारे लोक, तिथलं केंद्र रात्री बंद ठेवतात. वीजबिल वाचतं. रात्रीचं पाणी तसंच नाल्यात. कावेरीचं जे पाणी शंभर किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर चढवून इथे आणलं, ते एकदा फ्लश करून बेल्लंदूरला पोचतं. गणेशोत्सवात तिथे सैनिकांसाठी निधी गोळा करतात. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, शाल दिली.

त्याच सोसायटीत एक निवृत्त कर्नल राहतात, सिग्नल्सचे. सत्तरीला आले आहेत. त्यांनी शालीला नकार दिला आणि तळघरातल्या केंद्राच्या खोलीची किल्ली मागितली. ती मिळायला चार महिने लागले. आता दर सोमवारी सकाळी सात वाजता ते वही घेऊन खाली जातात, मोटार किती तास चालली ते मीटरवरून उतरवून घेतात आणि आकडा नोटीस बोर्डावर लावतात. ब्लोअर रात्रीचा पुन्हा सुरू झाला आहे. सेक्रेटरी त्यांना बघितलं की लिफ्ट सोडून जिन्याने जातो.